बेल्ट लावलेलं पापलेट

बळवंत केणीच्या गाडीच्या सीटचा रंग कोणता, हे चारकोपमधल्या त्याच्या सोसायटीत कुणालाच ठाऊक नव्हतं. खुद्द बळवंतलाही नव्हतं. बिलावर 'बेज' असं छापलेलं होतं, आणि बिलावर छापलंय म्हणजे ते तसंच असणार, यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास. गाडी घेऊन सात वर्षं झाली होती. सीटवर कंपनीतून आलेलं प्लॅस्टिक अजून तसंच होतं, त्यावर काळं वॉटरप्रूफ कव्हर होतं, आणि कव्हरला धूळ लागू नये म्हणून त्यावर एक टॉवेल होता. टॉवेलवर काही घालायचं राहून गेलं, याची बळवंतला अधूनमधून खंत वाटे.

माणूस मुळात वाईट नाही. पवईतल्या एका कंपनीत तो सव्वीस वर्षं परचेस खात्यात आहे आणि सव्वीस वर्षांत त्या खात्याने त्याचं जे करायचं ते केलं आहे, एवढंच. तीन कोटेशनं आल्याशिवाय त्याच्या घरात झाडूसुद्धा येत नाही. लग्नाच्या वेळीही त्याने बरोबर तीन मुली पाहिल्या होत्या. आपण त्यात नक्की कशावर पास झालो, हे त्याच्या बायकोने, चेतनाने, आजवर विचारलेलं नाही. उत्तर लेखी मिळेल अशी तिला भीती वाटते.

गाडी मात्र त्याने एका दमात घेतली, कारण ती त्याने स्वतःसाठी घेतलीच नव्हती. ती सगुणाबायसाठी होती. सगुणा ही त्याची मोठी बहीण, मढच्या कोळीवाड्यात राहणारी. आई गेली तेव्हा बळवंत सहा वर्षांचा होता आणि सगुणा अठराची. आईची टोपली तिने उचलली आणि कांदिवलीच्या मासळीबाजारात आईच्याच ओट्यावर जाऊन बसली. बळवंतची शाळा, कॉलेज, डिप्लोमा, सगळं त्या ओट्यावरून झालं. दुपारी विक्री आटपली की ती आणखी सात-आठ बायकांबरोबर टेम्पोच्या मागच्या बाजूला, रिकाम्या टोपल्यांत अंग चोरून बसायची आणि मढला जायची. कॉलेजात असताना एकदा बळवंतने बसच्या खिडकीतून तो टेम्पो पाहिला. बायचं डोकं प्रत्येक खड्ड्याला फळीवर आपटत होतं आणि ती शेजारणीशी गप्पा मारत हसत होती. त्याच दिवशी त्याने ठरवलं, की एक दिवस बायला स्वतःच्या गाडीत, पुढच्या सीटवर बसवून घरी न्यायचं. ठरवण्यापासून गाडी येईपर्यंत तीसेक वर्षं गेली, ते सोडा.

गाडी सोसायटीच्या आवारात उभी राहिली आणि सल्ले सुरू झाले. त्यात पहिला मान दुसऱ्या मजल्यावरच्या बॅप्टिस्ट अंकलचा. हे मूळचे मनोरीचे, गोदीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, आणि जगात पाना लावून सुटत नाही अशी एकही अडचण नाही असं मानणारे.

"केणी, ऐक माझा," ते म्हणाले, "मच्छीचा पाणी एकदा फोममध्ये गेला ना, मग गाडी विकता येत नाय. सोडून द्यायला लागते. माझा मेव्हणा मार्व्याला सोडून आला त्याची. लोकांनी दुसऱ्या दिवशी परत आणून दिली."

बळवंत हबकला. बाय बाजारातून येणार म्हणजे कमरेपासून खाली ओली येणार. तिने सीटच्या कडेला अवघडून बसावं, सीट खराब होईल म्हणून जीव मुठीत धरावा, हे त्याला नको होतं. तिने अगदी ऐसपैस बसावं, ओल्या लुगड्याने बसावं, टोपली मांडीवर घेऊन बसावं. तेव्हा वॉटरप्रूफ कव्हर हवंच. रीतसर तीन कोटेशनं आली, आणि चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या अल्पेशचं मंजूर झालं. अल्पेशने दुकानात कव्हरवर पेलाभर पाणी ओतून दाखवलं. पाण्याचे मणी होऊन टपाटप खाली पडले.

"केणीसाहेब, दहा वर्षं वॉरंटी," अल्पेश म्हणाला. "आणि एक सांगू? आतलं कंपनीचं प्लॅस्टिक पण काढू नका. डबल प्रोटेक्शन."

डबल हा शब्द परचेस खात्यातल्या माणसाला फुकट मिळाला की त्याचं भान सुटतं. बळवंतने प्लॅस्टिक ठेवलं.

मग तो पहिला रविवार आला. दुपारी एकच्या सुमारास बळवंत इस्त्रीचा शर्ट घालून बाजाराच्या दारात गाडी लावून उभा. सगुणा टोपली घेऊन बाहेर आली, मागोमाग पाच-सहा मावश्या भावाची गाडी बघायला आल्या. कुणी बॉनेटवरून हात फिरवला, कुणी आरशात कुंकू नीट केलं. सगुणाच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं की बळवंतने आपली कॉलर पुन्हा एकदा नीट केली. इथेच त्याने दार उघडून तिला आत बसवलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि आपण सगळे आपापल्या कामाला लागलो असतो.

पण बळवंतला डेमो द्यायचा होता.

"बाय, आता बघ हां," तो म्हणाला. ऑफिसात काटेकोर बोलणारा बळवंत बाजारात शिरला की त्याची भाषा आपोआप कोळीवाड्यात जाते. त्याने लिटरभर पाण्याची बाटली उघडली आणि पुढच्या सीटवर उपडी केली. पाणी सरसरत खाली गेलं. "बघितलंस? कितीबी वली बस, आत एक थेंब जायाचा नाय!" आणि वर खिशातून फडकं काढून त्याने सीट पुसली, त्यावर टॉवेल अंथरला, टॉवेलची घडी कोपऱ्यात नीट केली.

मावश्यांनी बॉनेटवरचे हात काढून घेतले. सगुणाने सीटकडे पाहिलं. मग स्वतःच्या लुगड्याकडे. घोट्यापाशी बर्फाचं पाणी ठिबकत होतं.

"माजेसाठी केलंस हा सगला?" तिने विचारलं.

"तुजेसाठीच!" बळवंत छाती फुगवून म्हणाला.

"बरा केलास," सगुणा म्हणाली, आणि टोपली उचलून टेम्पोकडे चालायला लागली. मावश्याही निघाल्या. बळवंत उघडं दार धरून उभा राहिला. टेम्पो सुटला, वळला, दिसेनासा झाला, तरी उभाच.

"आता माझं काय चुकलं ते सांग," घरी येऊन त्याने चेतनाला विचारलं. "सोय तिच्यासाठीच होती ना?"

"अहो, पाहुण्याला पाट मांडताना कुणी आधी खाली पेपर अंथरून दाखवतं का? चार बायकांदेखत?"

"पेपर कुठे? चांगलं रेक्झिन आहे."

चेतनाने भाकऱ्या थापायला घेतल्या.

यानंतर सात वर्षं दर रविवारी बळवंत बाजारात जात राहिला. सगुणा त्याच्याशी भांडली नाही, अबोला धरला नाही. भांडली असती तर परवडलं असतं. ती गोड बोलायची, पोरीची चौकशी करायची आणि गाडीत बसायचं टाळायची. आज टोपल्या जास्त आहेत. आज शेजारणीला बरं नाही, तिच्यासोबत जायचंय. आज गाडीत उलटी होईल. जी बाई वादळात होडीत बसून आलेली तिला चारकोपच्या रस्त्यावर उलटी होईल, हे बळवंतने कसं ऐकून घेतलं असेल ते त्यालाच ठाऊक. निघताना ती त्याच्या हातात मासळी द्यायची. तीन पिशव्यांत बांधलेली, प्रत्येक पिशवीला करकचून गाठ. आणि न चुकता म्हणायची, "सांबाल रं बल्या. गारी भिजल."

ती पिशवी, मासळीच्या काट्यांनी तळाला टोचून जराशी गळणारी, बळवंत पुढच्या सीटवर ठेवायचा. डिकीत ठेवली तर डिकीला वास लागेल, पायाशी ठेवली तर मॅटला लागेल, आणि सीटला तर कव्हर होतंच. पण पिशवी ठेवली रे ठेवली की गाडी पींपीं करायची, कारण गाडीला वाटायचं माणूस बसलाय आणि त्याने बेल्ट लावलेला नाही. म्हणून बळवंत पिशवीला बेल्ट लावायचा. अशा रीतीने जी जागा सगुणाबायसाठी होती, तिथे सात वर्षं दर रविवारी पापलेट बेल्ट लावून बसत होतं. कधी सुरमई, कधी बोंबील. पावसाळ्यात सुकट.

कव्हर बाकी कामाला चोख होतं, हे मान्य करायला हवं. त्या कव्हराने पाचगणीच्या घाटात बळवंतच्या मुलीची उलटी सहन केली. एका लग्नाहून येताना अख्खा डबा बासुंदी सहन केली. दर वेळी बळवंत एक फडकं फिरवायचा आणि सीट पुन्हा काळी कुळकुळीत. ऑफिसात कुणी गाडी घेतली की तो त्याला खाली पार्किंगमध्ये नेऊन ती दाखवायचा. फक्त एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती. कव्हर शिवलेलं होतं, आणि शिवण म्हटली की सुईची भोकं आली.

यंदा गणपती झाले आणि गाडीला वास यायला लागला.

आधी मंद होता. मग गाडीचं दार उघडलं की वॉचमन खुर्ची उचलून लांब जाऊन बसू लागला. सोसायटीतून पुन्हा सल्ले आले. कुणी सांगितलं कापूर ठेवा, कुणी कोळसा, कुणी कांदा चिरून. बॅप्टिस्ट अंकलच्या मिसेस सेराफिना आंटींनी कॉफीची पूड ठेवायला सांगितली. बळवंतने सगळं एकदम केलं. आठ दिवसांनी गाडीला कापूर, कांदा, कॉफी आणि बोंबील यांचा मिळून जो वास यायला लागला, त्याला मराठीत शब्द नाही. पवईला त्याच्याबरोबर गाडीतून येणारे दोघे सहकारी अचानक मेट्रोचे फायदे सांगू लागले.

"कव्हर काढा आणि बघा ना एकदा," चेतना म्हणाली.

"कव्हर काढलं की वॉरंटी रद्द होते. अजून तीन वर्षं आहेत."

"मग तीन वर्षं नाक धरून चालवा."

तो चालवणारही होता. पण त्या रविवारी सगुणाने पिशवी हातात देताना आणखी एक गोष्ट दिली.

"पुरचे रविवारी शेवटचा बसतंय वट्यावर," ती म्हणाली. "गुरघं गेलं, बल्या. डाक्टर बोल्ला, खाली पाटावर बसाचा बंद. म्हनजे धंदा बंद. मना झाली अट्ठेचालीस वर्सां."

बळवंत गाडीत येऊन बसला, पापलेटला बेल्ट लावला आणि तसाच बसून राहिला. एकच रविवार उरला होता. त्यानंतर बाय बाजारातून घरी जाणार नव्हती, तर तिला बाजारातून घरी नेणार तरी कसं? गाडी ज्यासाठी घेतली ते कामच संपणार होतं. आणि तेव्हा त्याला सुचलं. कव्हर काढायचं. प्लॅस्टिक काढायचं. टॉवेल तर काढायचाच. सात वर्षं कुणी शिवलं नाही अशी नवीकोरी बेज सीट बायसमोर उघडी करायची आणि म्हणायचं, बस.

बुधवारी त्याने रजा टाकली आणि गाडी अल्पेशच्या दुकानात नेली. वॉरंटीकार्ड दोन बोटांत धरून त्याने ते काउंटरवर ठेवलं. चालू वॉरंटी आपल्या हाताने मोडायची त्याची ही पहिलीच वेळ होती, आणि त्याचा चेहरा बघून अल्पेशला वाटलं घरात काही वाईट झालंय.

अल्पेशने हुक सोडले आणि पुढच्या सीटचं कव्हर उचललं. मग पटकन खाली ठेवलं.

"साहेब, तुम्ही जरा बाहेर उभे राहा ना."

"का?"

"मी पण येतो बाहेर."

थोड्या वेळाने दोघे नाकाला रुमाल बांधून परत आत आले. कव्हर आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये सात वर्षांचं पाणी मुक्काम करून होतं. प्लॅस्टिक जिथे फाटलं होतं तिथून ते खालच्या फोममध्येही उतरलं होतं. सीट बेज होती हे एका कोपऱ्यावरून सिद्ध झालं आणि बळवंतला, कारण नसताना, बरं वाटलं. बाकी सीटवर काळे, हिरवे आणि एका जागी जांभळे डाग होते. फटीत एक कोलंबी होती. वाळून कडक झाली होती, पण मिशा शाबूत होत्या.

"अल्पेश, हे वॉटरप्रूफ?" बळवंतने कव्हर त्याच्यापुढे धरलं. "एक थेंब आत जाणार नाही म्हणाला होतास!"

अल्पेशने सीट दाबली. बुडबुड आवाज झाला.

"साहेब, रागावू नका. शिवणीतून थोडं गेलं असेल. पण गेलेला एक थेंब बाहेर आलाय का? सात वर्षं? म्हणजे माल किती पक्का ते बघा."

बळवंतने वॉरंटीकार्ड उचलून परत खिशात घातलं.

आता सीट वाळवायच्या. संध्याकाळी बॅप्टिस्ट अंकल पान्यांची पेटी घेऊन खाली उतरले. "चार बोल्ट, बाबा. पंधरा मिनिटांचा काम," असं म्हणून त्यांनी पावणेतीन तासांत ड्रायव्हरची सोडून सगळ्या सीट बाहेर काढल्या. शिवाय पाणी साचू नये म्हणून गाडीच्या तळाची रबरी बुचंही उपसली आणि खिशात टाकली. ती नंतर कुठे गेली ते त्यांनाही सांगता आलं नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर लाल, पिवळे असे चार नवीन दिवे लागले. "ते ख्रिसमसपर्यंत चालू दे," अंकल म्हणाले.

सीट गच्चीवर न्यायच्या तर सोसायटीचे सेक्रेटरी धोंडिराम पेडणेकर जिन्यातच उभे. पेडणेकर महापालिकेतून निवृत्त झाले, पण महापालिका त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही.

"गच्चीवर काय वाळत घालता येतं त्याची यादी आहे," ते म्हणाले. "पापड, मिरच्या, गोधड्या, गाद्या. गाडीची सीट यादीत नाही."

"गादीच समजा," बळवंत म्हणाला.

"गादीला लोखंडी पाय असतात? हे फर्निचर झालं. फर्निचर जिन्यातून न्यायचं तर अर्ज."

"बरं, फर्निचर."

"मग फर्निचर गच्चीवर ठेवायला बंदी आहे."

एरवी बळवंतला अशा माणसाशी बोलायला फार आवडलं असतं. दोघांनी मिळून एखादा छापील नमुना तयार केला असता. पण दिवस तीनच होते. शेवटी सोसायटीची मीटिंग होईपर्यंत सीट आपल्याच पार्किंगच्या चौकोनात, रेघेच्या आत ठेवायच्या, असं ठरलं. गाडी रस्त्यावर गेली आणि गाडीच्या जागी सीट मांडल्या गेल्या. गुरुवारी सकाळी सोसायटीतले चार ज्येष्ठ नागरिक वर्तमानपत्रं घेऊन त्यांच्यावर बसायला आले. दोन मिनिटांत उठले आणि धोतर बदलायला, ज्यांना धोतर होतं ते, घरी गेले.

ऑक्टोबरचं ऊन कडक होतं. वरून सीट खडखडीत वाळली, आतून तशीच. शुक्रवारी बळवंत ऑफिसातून दर तासाला फोन करून दाबून बघायला सांगत होता आणि चेतना दर तासाला न दाबता "ओली आहे" असं सांगत होती. शनिवारी दुपारी आभाळ भरून आलं आणि परतीचा पाऊस धो धो कोसळला. बळवंत जिने उतरून धावत आला, इकडे तिकडे पाहिलं, आणि सीट झाकायला हाताला जे सापडलं ते त्याने घाईघाईने वर ओढलं. ते अल्पेशचं कव्हर होतं. कव्हराने आपलं काम पुन्हा इमानदारीने केलं. भोकांतून पाणी आत घेतलं आणि एक थेंब बाहेर येऊ दिला नाही.

रविवारी सकाळी बळवंत खिडकीत बसून होता. चहा गार झाला होता.

"टॅक्सी करा," चेतना म्हणाली.

"टॅक्सीत तर ती माझ्याशिवायही बसली असती. मला तिला माझ्या गाडीतून न्यायचं होतं गं. एवढं एकच काम होतं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याने लपवलंही नाही. "कव्हर घालायच्या आधी नुसतं दार उघडलं असतं ना, तरी चाललं असतं."

सात वर्षांत नवऱ्याला काहीतरी कळलं, हे चेतनाच्या ध्यानात आलं. तिने किल्ली आणून त्याच्या हातात ठेवली. "जा. आहे तशी घेऊन जा. निदान टोपल्या तरी त्यातून येतील तिच्या."

एक वाजता बळवंतची गाडी बाजाराच्या दारात येऊन उभी राहिली. सगुणा बाहेर आली तेव्हा तिच्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि सगळा बाजार मागे चालत होता. मावश्या रडत होत्या, हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. एकीने टोपली घेतली होती, एकीने बर्फाचा टब, एकीने कोयता. सगुणाने स्वतः फक्त पाट घेतला होता. अठ्ठेचाळीस वर्षं ओट्यावर ज्यावर बसली तो बुटका, कडा झिजलेला पाट.

बळवंतने दार उघडलं आणि मान खाली घातली.

सगुणा वाकली. आत पाहिलं. ड्रायव्हरची सीट, आणि बाकी सगळा पत्रा.

"बल्या, सीटा कई गेल्या?"

"वालत घातल्यान."

"का झायला?"

"कुजल्या, बाय. तूच दिलेले पापलेटाचे पान्यान. सात वर्सां आतल्या आत कुजत व्हत्या."

सगुणाच्या पोटातून हसू निघालं. आधी खांदे हलले, मग हार हलला, मग तिने गाडीचा टप धरला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मावश्यांना काय झालं ते कळलं नाही, पण त्याही हसायला लागल्या. बळवंतला आधी अपमान वाटला. अपमान वाटून घेण्याची त्याला सवयच होती. पण बाय अशी हसलेली त्याने टेम्पोत पाहिली होती, त्यानंतर आजच.

"बाय, चुकला माजा," तो म्हणाला. "त्या दिवशी पानी वतला ते. मना वाटला तू मोकली बसशील."

सगुणाने पदराने डोळे पुसले. "मना वाटला भावाला माजी घान येते. त्या घानीव तर तुला मोठा केला, बल्या."

"नाय गं बाय." त्याने दार आणखी उघडलं.

हातातला पाट तिने गाडीत, पुढच्या सीटच्या जागी, पत्र्यावर ठेवला. दोनदा हलवून नीट बसला का ते पाहिलं. मग बळवंतच्या खांद्यावर हात ठेवून, गुडघ्यांना शिव्या देत, ती आत शिरली आणि त्यावर बसली.

"डॉक्टरने पाटावर बसाचा नाय सांगितलाय ना?" बळवंत घाबरून म्हणाला.

"डाक्टरला उद्यापासून ऐकन. टोपल्या मागं टाका गो."

टोपल्या आत आल्या, टब आला, कोयता आला. बळवंत बसला, किल्ली फिरवली. सगुणाने खांद्यापाशी लोंबणारा बेल्ट ओढला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"ह्यो पट्टा पापलेटला लावतंस ना? सगले बाजाराला म्हाईत हाय. मना पन लाव."

बळवंतने बहिणीला बेल्ट लावला, आणि खटका सीटबरोबर गेल्यामुळे टोक पाटाखाली खोचलं. पाटावर बसल्यामुळे तो तिच्या कानावरून जात होता, तरी तिने तो तसाच राहू दिला.

मालवणीच्या नाक्यावर हवालदाराने गाडी थांबवली. त्याने खिडकीतून पाहिलं तर ड्रायव्हरशेजारी कुणी दिसेना. मग आणखी वाकला, तेव्हा खाली एक हार आणि एक अंबाडा दिसला.

"साहेब, सीट कुठे आहे?"

"वाळत घातलीय," बळवंत जमेल तितक्या रुबाबात म्हणाला.

"आणि गाडीखालून पाणी गळतंय ते?"

बळवंतला ते माहीतच नव्हतं. टबातलं बर्फाचं पाणी हिंदकळून पत्र्यावर येत होतं, आणि बॅप्टिस्ट अंकलनी बुचं काढलेल्या भोकांतून सरळ रस्त्यावर जात होतं. गाडीच्या मागे बाजारापासून नाक्यापर्यंत ओली रेघ उमटली होती. आत मात्र टिपूस राहिला नव्हता.

"काय रं, पोरा," खालून सगुणाचा आवाज आला, "तुजे आयशीला हलवा देतंय ना मी दर बुधवारी? वलखला का?"

हवालदाराने पुन्हा वाकून पाहिलं. "मावशी? तुम्ही खाली काय करताय?"

"भावाचे गारीन बसलंय," सगुणा म्हणाली. "सर बाजूला. घरा जायाचा हाय."

तो बाजूला सरला. "उद्या सीट बसवून घ्या हां," असं मागून ओरडला तेवढंच.

मढपर्यंत सगुणाला खिडकीतून फक्त आभाळ आणि माडांचे शेंडे दिसत होते. तरी ती प्रत्येक वळणाला कुठे आलो ते बरोबर सांगत होती. घरापुढे गाडी थांबली तेव्हा तिला उठता येईना. बळवंत आणि शेजारचे दोघे, अशा तिघांनी मिळून तिला पाटावरून उठवलं. उठताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो बळवंत घरी येईपर्यंत विसरला नाही.

पुढच्या रविवारी तो पुन्हा मढला गेला. मागच्या दोन सीट वाळल्या होत्या आणि बॅप्टिस्ट अंकलनी त्या बसवल्या होत्या. एक बोल्ट उरला होता, पण तो जास्तीचाच असणार असं त्यांचं मत. पुढची सीट मात्र बसवलेली नव्हती. ती बळवंतने दोघा शेजाऱ्यांच्या मदतीने गाडीतून उतरवली आणि सगुणाच्या दारात, समुद्राकडे तोंड करून ठेवली. लोखंडी पायांखाली अंकलनी दोन फळ्या ठोकून दिल्या होत्या. मागे-पुढे करायचा दांडा चालू होता, पाठ कलती करायचाही. ती आतूनही वाळली होती, पण डाग तसेच होते. कव्हर नव्हतं, प्लॅस्टिक नव्हतं, टॉवेल नव्हता.

"पाटावर नाय ना बसाचा आता," तो म्हणाला. "ही उंच हाय."

"आन गारीला?"

"गारीला दुसरी घेन. तीन कोटेशनं मागवल्यान."

सगुणा घरात घरच्यापुरती कोलंबी सोलत होती. तशीच उठून आली, ओल्या हाताने, ओल्या लुगड्याने. सीटसमोर थांबली आणि बळवंतकडे पाहिलं.

"वली हाय मी," ती म्हणाली.

"मना म्हाईत हाय," बळवंत म्हणाला. "बस."

ती बसली. आधी कडेला, मग मागे सरकून, मग पाय पसरून ऐसपैस. कोलंबीची परात तिने मांडीवर ओढून घेतली. तिच्या लुगड्याचं पाणी बेज कोपऱ्यातून उतरत खाली ओसरीवर ठिबकायला लागलं, आणि बळवंत शेजारी पाट ओढून तिच्याबरोबर कोलंबी सोलायला बसला.